बडोद्यात बसून 'नॉट' कसा वाचायचा

अरबी समुद्रात वादळ उठले की बडोद्याच्या मराठी घरांतही 'वारा 40 नॉट' अशा बातम्या फिरू लागतात. ताशी किलोमीटर काढायला आकडा दुप्पट करा आणि आलेल्या संख्येतून साडेसात टक्के वजा करा: 80 वजा 6, म्हणजे 74. नुसते दुप्पट करून थांबलात तर वेग फुगतो, आणि वादळाच्या बातमीत हे मुळीच चालणार नाही.

'ताशी 40 नॉट' असे लिहू नका. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1852 मीटर; तास त्यात आलेलाच आहे. हवामान खाते 34 नॉटपासून चक्रीवादळ म्हणते, 48 पासून तीव्र चक्रीवादळ.

इंग्रजीत 'नॉट' म्हणजे गाठ, आणि वेगाचा हा अर्थ खऱ्याखुऱ्या गाठींवरून आला. शिडाच्या जहाजावरून दोरीला बांधलेली फळी पाण्यात सोडत. दोरीला दर 47 फूट 3 इंचांवर गाठ असे. 28 सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकल्या, तितके नॉट. वापरून दोरी ताणली गेली की गाठींमधले अंतर वाढे, गाठी कमी मोजल्या जात आणि वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसे. म्हणून दोरी पुन्हा पुन्हा मापून घ्यावी लागे.

सुतारकामाच्या मजकुरात नॉट म्हणजे फळीतली फांदीची गाठ. ती सुटी असेल तर निखळून भोक पडते. दोरकामात मात्र जपून: दोन दोर जोडणारी गाठ 'बेंड', खांबाला बांधायची 'हिच'. दोन्हींना नुसते 'गाठ' लिहिले तर वाचणारा चुकीची बांधेल.