कूसी घराण्याची वंशावळ मांडताना या चुका टाळा

सातवा आँगराँ द कूसी (१३४०–१३९७) हा उत्तर फ्रान्समधला बडा सरदार. त्याची वंशावळ जुळत नसेल, तर बहुतेक वेळा घोळ नावांचा असतो. घराण्यात आँगराँ सात, आणि हे क्रमांक नंतरच्या अभ्यासकांनी लावलेले. म्हणून आधी साल बघा, मग क्रमांक टाका. बायकांच्या नावांचा तर कहरच! पहिली बायको इझाबेला, दुसरी इझाबेल, दुसरीची मुलगीही इझाबेल. मारी आणि फिलिपा या थोरल्या मुली मात्र पहिलीच्या.

सातही जणांना बाप-लेक म्हणून ओळीने जोडू नका. चौथा १३११ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बहीण आलिक्स गीनच्या काउंटला दिली होती. तिचा मुलगा आजोळचे नाव लावून पाचवा आँगराँ झाला. सहावा त्याचा मुलगा नव्हे, नातू. मधला गियोम आँगराँ नसल्यामुळे नजरेतून निसटतो.

सर्वांत महागात पडते ते आईकडे दुर्लक्ष. सातव्याची आई कॅथरिन ही ऑस्ट्रियाच्या ड्यूक पहिल्या लिओपोल्डची मुलगी, म्हणजे ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याची लेक. ही नोंद गाळलीत तर १३७५ साली हा फ्रेंच माणूस भाडोत्री फौज घेऊन आजच्या स्वित्झर्लंडमध्ये कशाला घुसला, याचा पत्ताच लागणार नाही. आईच्या वाट्याचा मुलूख मामाकडचे लोक देईनात, म्हणून ही स्वारी. (हाती काही फारसे लागले नाही; तिथल्या फ्राउब्रुनेन गावी बर्न शहराच्या लोकांनी त्याच्या फौजेला चांगलेच झोडपले.)

सासर इंग्लंडचे म्हणून त्याला इंग्रज पक्षातही टाकू नका. फ्रान्सचा राजा जाँ इंग्रजांच्या कैदेत सापडला होता; त्याच्या सुटकेसाठी हा इंग्लंडमध्ये ओलीस होता. तिथेच इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याची मुलगी इझाबेला हिच्याशी १३६५ मध्ये लग्न झाले. ती त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. जावयाची खंडणी माफ झाली, वर बेडफर्डचे अर्लपद मिळाले. पण १३७७ मध्ये सासरा वारताच त्याने इंग्लंडचे मानपान परत केले आणि फ्रान्सच्या राजाची बाजू धरली.

फिलिपाच्या नावापुढे ‘घटस्फोट’ लिहून मोकळे होऊ नका. तिचा नवरा, इंग्रज सरदार रॉबर्ट द व्हिअर, इंग्लंडच्या राणीच्या एका सखीच्या नादी लागला आणि त्याने लग्न रद्द करवून घेतले. पोपने १३८९ मध्ये तो निवाडाच फिरवला. गंमत म्हणजे रॉबर्टची आई सुनेच्याच बाजूने उभी राहिली.

शेवटच्या रकान्यात ‘वंश खुंटला’ असेही नको. औरस मुलगा नव्हता, मारीने १४०० मध्ये कूसीची जहागीर ओर्लेआँच्या ड्यूकला विकली, हे खरे. पण तिच्या मुलाची, रोबेर द बारची, मुलगी जान लक्झेंबर्ग घराण्यात पडली, आणि तिच्याच वंशात पुढे फ्रान्सचा राजा चौथा आँरी जन्मला.