डच पद्धतीची शाळा आणि ग्रंथालय: आराखडा कोणत्या क्रमाने करावा

नेदरलँड्समधल्या नव्या शाळा-ग्रंथालयांच्या फोटोंमध्ये एक गोष्ट हमखास दिसते: रुंद लाकडी जिना, त्यावर बसून वाचणारी मुलं आणि वरून उतरणारा उजेड. फोटो पाहून तोच जिना आपल्या आराखड्यात उचलणारे पुष्कळ. तिथे तो चालतो, कारण क्षेत्रफळाचा हिशेब, हवेच्या नळ्या, आवाज शोषणारं छत आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट हे सगळं जिन्याच्या आधी ठरलेलं असतं. तिथल्या प्रकल्पावर काम करणाऱ्या किंवा अभ्यासासाठी असा प्रकल्प घेतलेल्या आर्किटेक्टने कामाचा क्रम तोच ठेवावा.

आधी पैसा आणि चौरस मीटर

प्राथमिक आणि माध्यमिक शाळांच्या इमारतींची जबाबदारी १९९७ पासून नगरपालिकांकडे आहे. नवी इमारत नगरपालिकेच्या पैशाने उभी राहते, पण ती चालवतं शाळेचं मंडळ. प्राथमिक शाळांच्या बाहेरच्या बाजूची देखभालही २०१५ पासून मंडळाकडे गेली. उभारणीचा खर्च एकाचा, विजेचं आणि दुरुस्तीचं बिल दुसऱ्याचं, अशी ही विभागणी आहे. खिडक्यांबाहेरचे पडदे किंवा चांगली वायुवीजन यंत्रणा यांचा फायदा मंडळाला होतो, पण पैसे नगरपालिकेने मोजायचे असतात. त्यामुळे अंदाजपत्रक फुगलं की पहिली कात्री यांनाच लागते. उपाय एकच: पहिल्या आराखड्यासोबतच चाळीस वर्षांच्या एकूण खर्चाचा तक्ता करायचा आणि दोन्ही पक्षांना एकाच बैठकीत दाखवायचा. अंतिम आराखडा झाल्यावर हा वाद निघाला तर आर्किटेक्टच्या हातात फारसं काही उरत नाही.

जागेचं गणितही कडक आहे. नगरपालिकांच्या संघटनेच्या नमुना नियमावलीनुसार साध्या प्राथमिक शाळेला २०० चौरस मीटर आणि शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यामागे ५.०३ चौरस मीटर एकूण क्षेत्रफळ धरतात. आठ गट, प्रत्येकी २८ मुलं, म्हणजे २२४ विद्यार्थी: हिशेब येतो साधारण १,३२७ चौरस मीटर. व्यायामशाळा यात नाही, पण भिंती, जिने, शौचालयं आणि यंत्रांची खोली मात्र याच आकड्यात बसवायची असते. पन्नास-बावन्न चौरस मीटरचे आठ वर्ग काढले, शिक्षकांची खोली, भांडार, सभागृह काढलं की नुसत्या ये-जा करण्यासाठी वेगळी जागा देणं परवडत नाही. डच शाळांमधली प्रसिद्ध ‘शिकण्याची गल्ली’, म्हणजे वर्गाबाहेरच्या ज्या बोळात मुलं बसून अभ्यासही करतात तो, जितकी शिक्षणाच्या विचारातून आली, तितकीच या काटकसरीतून टिकली. म्हणून प्लॅनवरच्या प्रत्येक चौरस मीटरला दिवसातून दोन कामं नेमून द्या आणि ती प्लॅनवर लिहून ठेवा. ज्या जागेला दुसरं काम सापडत नाही, ती कमी करा.

वर्ग आणि गल्ली यांच्यामधली कड

या बाबतीत डच आर्किटेक्ट हेर्मन हर्ट्झबर्गर यांच्या शाळा अजूनही सगळ्यात उपयोगी पाठ आहेत. डेल्फ्टच्या माँटेसरी शाळेत (पहिला टप्पा १९६६ मध्ये पूर्ण झाला, नंतर ती वाढत गेली) वर्ग सरळ चौकोनी नाहीत. ते इंग्रजी एल अक्षरासारखे वळलेले आहेत, त्यामुळे एका वर्गात शांत कोपरा आणि पसाऱ्याचा कोपरा असे दोन भाग आपोआप पडतात. मधल्या दालनात विटांचा एक पक्का चौथरा आहे. तो हलवता येत नाही, वाटेत येतो, आणि नेमकं म्हणूनच मुलं त्यावर बसतात, चढतात, नाटक करतात. ॲमस्टरडॅमच्या अपोलो शाळांमध्ये (१९८३) मजले अर्ध्या-अर्ध्या उंचीने सरकवले आहेत, त्यामुळे मधल्या दालनातून वरचे आणि खालचे वर्ग एकाच नजरेत येतात.

यातून घ्यायचं ते असं. वर्गाचं दार आणि गल्ली यांच्यामध्ये दीड-दोन मीटर खोल कोनाडा ठेवा. त्यात एक टेबल, एक दिवा आणि प्लगची सोय हवी. वर्गाच्या भिंतीतली काच बसलेल्या मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोड्या वरच्या उंचीपासून सुरू करा. शिक्षकाला उभ्याने बाहेरचं दिसतं आणि आत बसलेल्या मुलाचं लक्ष उडत नाही. जमिनीपासून छतापर्यंत काच लावली की महिन्याभरात तिच्यावर चित्रं आणि तक्ते चिकटवलेले दिसतात. शिक्षकांना काय हवं होतं ते त्यातूनच कळतं.

गल्लीची रुंदी २.४ मीटर ठेवली तर तो फक्त लांबट बोळ होतो. चालायला दीड ते पावणेदोन मीटर मोकळे, त्याच्या बाजूला टेबलासाठी दोन मीटर, असे साडेतीन मीटर तरी हवेत. आता कोटांचा प्रश्न. पावसाळी देश आहे, प्रत्येक मुलाचा ओला कोट, दप्तर आणि कित्येक शाळांत उवा पसरू नयेत म्हणून कोट झाकायची पिशवीही असते. एका मुलाला १५ ते २० सेंटीमीटर धरले तर २८ मुलांच्या खुंट्यांची रांग पाच मीटरच्या आसपास जाते. नकाशावर या रांगा कुणी काढत नाही आणि इमारत सुरू झाली की शिकण्याची गल्ली कोटांची गल्ली होते. शिवाय सुटकेच्या मार्गात टांगलेले कोट म्हणजे जळाऊ सामान, अग्निशमन विभाग त्यावर बोट ठेवतोच. कोटांना दाराजवळ, बंद होणाऱ्या आणि हवा खेळती असलेल्या कोनाड्यात जागा द्या.

बसायचा जिना

मापं एकमेकांत बसली पाहिजेत. बसण्याचा टप्पा ४५ सेंटीमीटर उंच आणि ९० खोल घेतला की चालण्याच्या तीन पायऱ्या (प्रत्येकी १५ उंच, ३० खोल) त्यात बरोबर मावतात. छोट्या मुलांसाठी टप्पा ३० ते ३६ सेंटीमीटरचा करा, दोन पायऱ्यांच्या उंचीचा हिशेब तसाच जुळतो. चालण्याची पट्टी वेगळी, किमान १.२ मीटर रुंद, आणि तिच्या पायऱ्यांची कड ठळक रंगात. खोली ९० पेक्षा कमी केली तर मागच्याचे बूट पुढच्याच्या पाठीला लागतात.

चाकाच्या खुर्चीसाठी जागा फक्त तळाशी ठेवू नका. लिफ्ट जिथे उघडते त्या मधल्या पातळीवरही एक जागा द्या. जिन्याचं तोंड मुख्य दाराकडे केलं तर हिवाळ्यात बसणाऱ्यांच्या पायाशी गार झोत येतो आणि जिना ओस पडतो. पडद्यावर चित्र दाखवायचं असेल तर वरच्या खिडकीला अंधार करणारा पडदा हवाच. जिन्याखालची जागा दोन मीटर उंचीपर्यंत भांडाराला द्या. ‘वाचनाची गुहा’ म्हणून काढलेल्या बहुतेक जागा अखेर खुर्च्या रचायला लागतात.

हवा, आवाज, ऊन, आग

सरकारी पुढाकारातून आलेल्या ‘फ्रिस्से स्खोलेन’, म्हणजे ताज्या हवेच्या शाळा, या मार्गदर्शिकेत अ, ब, क असे दर्जे आहेत. कार्बन डायऑक्साइडची मर्यादा क दर्जात १,२०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), ब मध्ये ९५० आणि अ मध्ये ८००. ही मार्गदर्शिका कायदा नाही, पण कामाच्या अटींमध्ये ब दर्जा मागितला जातो असं धरूनच चाला. नव्या शाळेसाठी माणशी सेकंदाला ८.५ लिटर हवा लागते. २८ मुलं आणि एक शिक्षक धरले तर तासाला जवळजवळ ८९० घनमीटर. ही हवा सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेगाने, म्हणजे आवाज न करता, न्यायची तर वर्गामागे ३१५ मिलिमीटर व्यासाची नळी लागते. एक आणायला, एक न्यायला. दोन नळ्या एकमेकींना ओलांडतात तिथे जाड आवरणासह पाऊण मीटर उंची जाते. म्हणून मजल्याची उंची आधी छेदावर, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या नकाशावर, ठरवा. ३.४ मीटरचा मजला धरून पुढे गेलेले आराखडे इथेच अडकतात. मग नळी बारीक होते, हवा शिट्टी वाजवते, शिक्षक पंखा बंद करतात आणि दुपारी दोनपर्यंत वर्ग पेंगतो.

आवाजासाठी वर्गातला घुमण्याचा काळ, म्हणजे आवाज विरायला लागणारा वेळ, ०.६ सेकंदाच्या आसपास आणा. छत पूर्ण शोषक करा, शिवाय मागच्या भिंतीवर काही भाग. समोरासमोरच्या दोन भिंती कडक राहिल्या तर छत कितीही चांगलं असलं तरी टाळीचा प्रतिध्वनी येतो. वर्ग आणि गल्लीमध्ये सरकती काच फार मोहक दिसते, पण तिच्या फटीतून आवाज झिरपतो. खाली सील उतरणारं बिजागरीचं दार कधीही सरस.

सूर्य तिथे फार खाली असतो. ५२ अंश अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १४-१५ अंश वर येतो. दक्षिणेचा आडवा छज्जा उन्हाळ्यात चालतो, हिवाळ्यात ऊन सरळ फळ्यावर येतं. बाहेरून गुंडाळणारे पडदे लागतात. पण वारा वाढला की ते आपोआप वर जातात आणि त्या देशात वाऱ्याचे दिवस थोडे नाहीत. किनाऱ्याजवळच्या जागेसाठी बाजूच्या पट्ट्यांमध्ये अडकवलेले पडदे घ्या.

आगीचे नियम २०२४ पासून नव्या इमारत-नियमावलीत आले आहेत. मोकळं दालन आणि बसायचा जिना म्हणजे मजले एकमेकांना जोडणारी पोकळी. वर्गातून बाहेर पडायची एकमेव वाट या दालनातून जाणार असेल तर पहिल्याच आराखड्यात दुसरी वाट काढा: बाहेरचा जिना, किंवा शेजारच्या वर्गातून जाणारं दार. नंतर ती शोधायला गेलात तर काचेच्या जागी भिंती येतात.

ग्रंथालय: पुस्तकांआधी माणसं

१ जानेवारी २०१५ पासून लागू असलेल्या कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयाची पाच कामं ठरवली: माहिती देणं, शिक्षण आणि विकासाला वाव देणं, वाचनाची गोडी लावणं, भेटीगाठी आणि चर्चा घडवणं, कला-संस्कृतीची ओळख करून देणं. त्यामुळे जागांची यादी ‘इतकी पुस्तकं, इतके रॅक’ अशी सुरू करू नका. आवाजाची उतरंड आखा: खाली कॉफी, परतीची यंत्रं, मुलांचा विभाग, मध्ये गटाने काम करायच्या जागा, शांत अभ्यास सगळ्यात वर किंवा काचेमागे. मधल्या भागातले रॅक १.४ मीटरच्या आत ठेवले तर एक कर्मचारी पूर्ण मजल्यावर लक्ष ठेवू शकतो. संध्याकाळी कमी माणसांत इमारत चालवायची तर हे फार महत्त्वाचं.

जुनी इमारत वापरायची असेल तर टिलबर्गचं लोकहाल बारकाईने पाहा. १९३२ ची रेल्वे इंजिनांची शेड, २०१९ मध्ये ग्रंथालय म्हणून उघडली. सिव्हिक आर्किटेक्ट्स, ब्राक्स्मा अँड रोस, पेट्रा ब्लेसे यांचं इनसाइड आउटसाइड आणि आतल्या मांडणीसाठी मेकानू अशी मंडळी त्यात होती. पंधरा मीटर उंचीची शेड पूर्ण तापवण्याऐवजी माणसं बसतात तिथेच ऊब दिली. छताइतके उंच सरकते कापडी पडदे जागा विभागतात आणि घुमणारा आवाजही कमी करतात. जुन्या रुळांवर चाकांची प्रचंड टेबलं फिरतात. शिकायचं ते क्रमाचं: आधी कुठे किती तापमान हवं याचा नकाशा, मग भिंती. उलट केलं तर वातानुकूलनाचा खर्च इमारतीच्या डोक्यावर बसतो.

काचेच्या घरात पुस्तकं ठेवायची असतील तर स्पायकेनिसेचा ‘पुस्तकांचा डोंगर’ (एमव्हीआरडीव्ही या आर्किटेक्ट संस्थेचं ग्रंथालय, २०१२) समोर ठेवा. ऊन कागद पिवळा करतं हे खरंच. तिथला युक्तिवाद असा की हातोहात फिरणारं पुस्तक चारेक वर्षांत तसंही झिजून बाद होतं. हे फक्त फिरत्या संग्रहाला लागू पडतं. स्थानिक इतिहास, जुनी वर्तमानपत्रं, दुर्मीळ प्रती अंधाऱ्या, स्थिर आर्द्रतेच्या खोलीत हव्यात. आणि त्या दाट रॅकच्या खोलीचं वजन विसरू नका. युरोकोड, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची युरोपीय मानकं, अशा साठवणीला चौरस मीटरला ७.५ किलोन्यूटन (साधारण ७५० किलो) भार सुचवतो, तो जुन्या शाळेच्या किंवा कचेरीच्या मजल्याच्या कुवतीबाहेरचा असू शकतो. शक्यतो ती खोली तळमजल्यावरच घ्या.

ताबा दिल्यानंतर

पहिल्या हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारीत, वर्ग पूर्ण भरलेले असताना, कार्बन डायऑक्साइड सलग दोन आठवडे मोजा. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असतात, तेव्हाच्या आकड्यांचा उपयोग नाही. मापक दारापासून आणि हवेच्या झोतापासून दूर, बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर लावा. आकडा चढा आला तर यंत्र लहान आहे असं लगेच धरू नका. आधी गाळण्या पाहा, मग प्रत्येक वर्गाच्या झडपेचं संतुलन, मग वेळापत्रक: सुट्टीत बंद पडणारा पंखा पहिल्या तासाला उशिरा सुरू होतो हे कारण पुन्हा पुन्हा सापडतं. या मोजणीचे आणि दुरुस्तीचे तास कंत्राटातच लिहून घ्या, नाहीतर ते कोणी करायचे यावर नगरपालिका आणि मंडळ एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.