होम थिएटर वाढवायचंय? आधी सुतळीचा गुंडा काढा

एक पैसाही खर्च करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. ऑडिओ आउटपुट 'पीसीएम'वर अडकलं असेल तर 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' करा. नाहीतर रिसीव्हरकडे (सगळे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या डब्याकडे) जाणाऱ्या ऑप्टिकल केबलमधून नुसता स्टिरिओ, म्हणजे दोनच चॅनल, बाहेर पडतो आणि मागचे स्पीकर भिंतीवर शोभेला राहतात. टीव्हीमागच्या एचडीएमआयवर 'एआरसी' (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) लिहिलेलं असेल तर ते वापरा, नसेल तर ऑप्टिकल. साधं डॉल्बी 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) दोन्हींतून येतं. हात आखडता असेल तर ॲटमॉसच्या (डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या प्रकाराच्या) नादी लागू नका.

आता सुतळी. समजा खोली 12 बाय 16 फूट आणि टीव्ही आखूड भिंतीला. मागचा स्पीकर नजरेला 13-14 फुटांवर दिसतो. पण वायर हवेतून जात नाही. टीव्हीपासून कोपऱ्यापर्यंत 6, लांब भिंतीने 12, वाटेत दार आलं की चौकटीवरून चढ-उतार 14, स्पीकरपर्यंत वर 4, दोन्ही टोकांना सैल 2-2. झाले 40 फूट, म्हणजे 12 मीटरच्या वर. प्रत्येक स्पीकरसाठी सुतळी खरोखर त्या वाटेने फिरवा, गाठ मारा, मगच दुकानात जा. अंदाज नको. "उरली तर उरेल" म्हणून सगळ्यांना सारखं माप तर नकोच.

कमी पडली की जोड द्यावा लागतो, आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर जोड टिकत नाही. खारी हवा आत शिरते, तांबं आधी काळं, मग हिरवं पडतं, स्पीकर खरखरतो आणि एक दिवस गप्प बसतो. जोड अर्थातच कपाटामागे असतो. म्हणून मोजा, सुतळीने मोजा.

वायर शुद्ध तांब्याची, दोन कोअरची, 1.5 चौरस मिमी. स्वस्त वायर बहुधा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. ब्लेडने एक तार खरवडली की आतून पांढरी निघते. तिचा रोध तांब्याच्या दीडपट, आणि खाऱ्या हवेत ती आणखी लवकर सडते. उंदीर आढ्यावरून फिरतात, तेव्हा वायर झाकणारी पीव्हीसी केसिंग पट्टी हवीच. केसिंगही त्याच सुतळीवर मोजा.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडून मुंबईचा सेकंडहँड रिसीव्हर मागवणार असाल, तर गाडीत ठेवण्याआधी तिथेच तपासायला सांगा: प्रत्येक एचडीएमआय, प्रत्येक चॅनल, अर्धा तास मोठ्या आवाजात. बरोबर त्याचाच कॅलिब्रेशन माइक (खोलीतला आवाज मोजून स्पीकर जुळवणारा) हवा, दुसऱ्या कंपनीचा चालेलच असं नाही. जुन्या डबा-सेटचे (एकाच खोक्यात मिळणाऱ्या तयार होम थिएटरचे) स्पीकर पुष्कळदा 3-4 ओमचे (ओम म्हणजे विजेच्या रोधाचं माप) असतात आणि रिसीव्हरच्या मागे किमान 6 लिहिलेलं असतं. असे जोडले की आवाज वाढवल्यावर रिसीव्हर स्वतःला वाचवायला 'प्रोटेक्ट'मध्ये जाऊन बंद पडतो. जुना स्पीकर घेताना कोनाभोवतीची (आवाज काढणाऱ्या पडद्याभोवतीची) कड बोटाने हलके दाबा. फोमची असेल तर दमट हवेत भुगा होते, रबरची घ्या.

पैसे थोडे असतील तर आधी सेंटर स्पीकर, कारण संवाद तिथून येतात. मग खोल, जड आवाजाचा सबवूफर. मागचे दोन सर्वांत शेवटी, पण त्यांची सुतळी आजच फिरवा, म्हणजे केसिंग एकदाच ठोकलं जाईल. जांभ्याचा चिरा ड्रिल करताना भोक मोठं होतं आणि प्लग सैल राहतो. भोकात थोडं सिमेंट भरून त्यात प्लग बसवा, वाळल्यावर स्क्रू पिळा.

जोडणी: लाल लालला, काळा काळ्याला. एकाचं उलटं झालं की बास, म्हणजे खोल आवाज, जवळजवळ गायब. सबवूफर एका आरसीए केबलवर, त्याची क्रॉसओव्हर नॉब (किती खालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ते ठरवणारी) पूर्ण वर, रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे. फरशीवर सतरंजी टाका, नाहीतर आवाज घुमतो.

माइकने कॅलिब्रेशन पाऊस थांबल्यावर करा. कौलांवर सर वाजत असेल तर मोजमाप चुकतं. पंखा बंद. पावसाळ्यात रिसीव्हर दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. मे आणि ऑक्टोबरमध्ये ढग गडगडले की प्लग काढा, डिशची वायर आणि ब्रॉडबँडची केबलही काढा.