एमएससाठी स्टेम सेल ट्रान्सप्लांट करून कोकणात परतताना

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. त्यावरच्या या उपचारात जोरदार औषधांनी जुनी प्रतिकारशक्ती पुसतात. मग रुग्णाच्याच रक्तातून आधी काढलेल्या मूळ पेशी (स्टेम सेल) परत दिल्यावर पांढऱ्या पेशी साधारण दोन आठवड्यांत वाढतात आणि घरी सोडतात. पण संसर्गाशी लढणारी ताकद पुरती यायला कित्येक महिने लागतात. तोवर ताप ही खरी परीक्षा.

थर्मामीटर उशाशी ठेवा. पारा ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला की काढा नको, सकाळची वाटही नको. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. म्हणून रात्री दोन वाजताही येईल अशी गाडी आणि जवळचं रुग्णालय डिस्चार्जच्या आधीच ठरवा. कार्डावर ठळक लिहून घ्या: रक्त द्यावं लागलं तर फक्त इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांची प्रक्रिया केलेलं.

इथेच एक चूक वारंवार होते. तापात पाय जड होतात, नजर धूसर होते. घरच्यांना वाटतं, एमएस उलटला. बहुतेकदा उष्णतेने जुनीच लक्षणं डोकं वर काढतात, मे महिन्याच्या उकाड्यातही तसंच होतं. संसर्ग शोधण्याआधी स्टेरॉइड देणं घातक ठरू शकतं. लक्षणं अगदी नवी असतील, तर मात्र न्यूरोलॉजिस्टना लगेच कळवा.

विहिरीचं पाणी खळखळून उकळा आणि झाकून निवू द्या. गरम पेज उत्तम. कालवं, तिसऱ्या अर्धकच्च्या नकोत, पंचामृतातलं कच्चं दूधही नको.

पावसाळा सर्वांत अवघड. भिंतीवरची ओल, पेंढा, माळ्यावरची जुनी पोती यांत बुरशी असते. तिचे कण श्वासातून फुप्फुसात जातात. झाडलोट दुसऱ्याने करावी, रुग्ण तेव्हा त्या खोलीत नसावा. पहिल्या वर्षी लावणीच्या चिखलात उतरायचंच नाही, कारण लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. दोडामार्गकडे काजूच्या बागेत गोचीड चावून माकडताप होतो, तिकडे फिरकू नका. गणपतीत आरतीच्या गर्दीपासून लांब बसा. मन दुखतं, पण गर्दीतला साधा सर्दीखोकलाही न्यूमोनियावर जातो.

को-ट्रायमॉक्सेझोल, असायक्लोव्हिर ही संसर्ग टाळायची औषधं बरं वाटतंय म्हणून थांबवू नका. लहानपणीच्या लसी बहुतेक नव्याने घ्याव्या लागतात. निर्जीव लसी ट्रान्सप्लांटनंतर सहा ते बारा महिन्यांनी, गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांआधी नाहीत. घरच्यांनी मात्र फ्लूची लस आधीच टोचून घ्यावी.