पावसाळ्यात सापडलेली मुंगळ्याची राणी

पावसानंतर दिव्याखाली जमणारे पंखवाले किडे बहुतेक वाळवीचे. कंबर जाड आणि चारही पंख सारखे असतील तर सोडून द्या. मुंगळ्याची राणी ठसठशीत असते: छाती कामकऱ्यापेक्षा जाड, पोट मोठं, गळालेल्या पंखांच्या खुणा पाठीवर.

अशी राणी सापडली आणि तिची वसाहत घरी वाढवायची असेल, तर टेस्ट ट्यूबमध्ये तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, मग राणी आणि तोंडाशी पुन्हा कापूस. ट्यूब अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवा. खायला काही नको; पंखांचे निकामी स्नायू आणि अंगातली चरबी यांवरच ती पहिली पिल्लं वाढवते. रोज उचलून बघायचा मोह मात्र आवरा (मला जमत नाही!), कारण सारखे हादरे बसले की ती स्वतःचीच अंडी खाऊ शकते. पहिले कामकरी बाहेर पडले की मधपाण्याचा एक थेंब द्या.