राखणीची रायफल: हलकी, आखूड, बोल्टची

रायफल बघायला दुकानात जाण्याआधी दोन कागद समोर ठेवा. पहिला शस्त्र परवाना, तो जिल्हाधिकारी देतात. दुसरा वनखात्याचा. परवाना खिशात आहे म्हणजे शेतात शिरलेल्या डुकरावर बार टाकायला मोकळे, असा आमच्याकडे सर्रास समज आहे. तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणारं डुकर मारायचं तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. राज्य शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) या दोघांसाठी परवानगीची पद्धत ठरवून दिली, आणि अर्ज घेऊन जायचं ते वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे. मारलेलं जनावर सरकारचं. मटणाचे वाटे घालायचे नाहीत, हे वाडीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नंतर भांडणं तुमच्या अंगणात. गवा, मोर, शेकरू, केलटी माकडं, वानर यांच्याकडे नळी वळवायचीच नाही, नारळ कितीही पडोत.

हे झालं असेल तरच पुढे वाचा.

मी सैन्यात आरमोरर होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या रायफली उघडणं, पुसणं, मोजणं आणि कुणाची का बिघडली हे शोधणं, हीच माझी नोकरी. आता सावंतवाडीच्या बाजूला काजू आहे, थोडं भात आहे, आणि भात पोटरीला आलं की रात्रीची राखण आहे. त्यामुळे वाडीतली पोरं विचारायला येतात, "काका, रायफल घेवची आसा, खंयची घेव?" मी उलट विचारतो, "कुणग्याच्या पाठी काय आसा तुझ्या?" कुणगा म्हणजे भाताच्या शेताचा तुकडा.

रायफलीची गोळी डुकराला लागून थांबेलच असं नाही, आणि नेम चुकला तर ती कुठेतरी जातेच. साध्या .२२ची (म्हणजे .२२ इंच बोअरच्या नळीची) गोळी, वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, ती सुद्धा दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. मोठ्या रायफलीची त्याच्या दुप्पट. आमच्याकडे दोन किलोमीटरमध्ये तीन वाड्या, एक शाळा आणि देवळाकडे जाणारी पाणंद येते. तुमचं भात डोंगराच्या कुशीत असेल, नेम धरल्यावर डुकराच्या मागे मातीचा चढ दिसत असेल, तर रायफलीचा विचार करा. सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, जमीन असेल तर करू नका. सपाट कातळावर तिरकी पडलेली गोळी मातीत घुसत नाही, उसळते, आणि उसळून कुठल्या दिशेला गेली ते तुम्हाला कधीच कळत नाही. चिऱ्याच्या गडग्याचंही (दगडी कुंपणाचंही) तेच. सड्यावरच्या माणसाने बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी घ्यावी, खडकीच्या कारखान्यातली शक्तिमान काडतुसं, एसजी म्हणजे मोठा छर्रा, आणि तीस-पस्तीस मीटरच्या पुढे चाप ओढायचा नाही. छर्ऱ्याचा जोर लवकर मरतो, तिथे तोच त्याचा गुण. (बंदुकीपेक्षा सौर कुंपण स्वस्त पडतं आणि रात्री झोप लागते. पण ते ऐकायला कोणी येत नाही.)

आता डोंगरउतारवाल्यांसाठी. नेटवर पोरं जे व्हिडिओ बघतात त्यातल्या रायफली अमेरिकेतल्या. तिथे 'वार्मिंट' म्हणजे बिळात राहणारे प्रेअरी डॉग, ग्राउंडहॉग, फार तर कायोटी. लहान जनावर, दोन-तीनशे मीटरवरून मारायचं, म्हणून .२२३सारखी छोटी आणि वेगवान गोळी. पूर्वी त्यासाठी जाड नळीची, टेबलावर टेकवून मारायची जड रायफल असायची. चालत फिरणाऱ्यांसाठी मग हाउवा मिनी, रुगर अमेरिकन रँच असल्या अडीच-पावणेतीन किलोच्या निघाल्या. चांगल्या आहेत. पण आपल्याकडच्या साध्या परवानाधारकाला परदेशी रायफल मागवता येत नाही, आणि आपलं जनावर प्रेअरी डॉग नाही. मोठा नर शंभर किलोच्या घरात जातो आणि त्याच्या खांद्यावर कातडीची जाड, चिवट ढाल असते. त्या रायफलींकडून घ्यायचा तो फक्त विचार: कमी वजन, आखूड लांबी, साधा बोल्ट (हाताने मागेपुढे करून काडतूस भरायचा खटका).

इथे बाजारात कामाची निवड तशी थोडीच. .२२ स्वस्त, हलकी, धक्का नाही, म्हणून मोह होतो. डुकरासाठी घेऊ नका. जखमी डुकर करवंदीच्या जाळीत शिरतं आणि सकाळी काजू वेचायला गेलेल्या बाईसमोर उभं राहतं. .३०३ आणि ७.६२ ही लष्करी बोअरं नागरिकांना बंद. उरतात इशापूरच्या कारखान्यातली .३१५ आणि .३०-०६. .३१५ची गंमत अशी की इंग्रजांना आपल्या सैन्याची काडतुसं हिंदुस्थानातल्या लोकांच्या हाती जायला नको होती, म्हणून ली-एनफिल्ड या त्यांच्या लष्करी रायफलीच्याच सांगाड्यावर वेगळ्या बोअरची नळी बसवून ती विकायला काढली. आजची .३१५ त्याच घराण्यातली. गोळी जड, वेग मध्यम, पन्नास-साठ मीटरवर डुकराला पुरून उरते. आमच्या रानात त्याहून लांबचं दिसतंच कुठे? .३०-०६ जास्त जोरकस, काडतूसही लांब, पण तो जोर राखणीला लागत नाही आणि हलक्या रायफलीत तो खांद्याला कळतो. माझं मत .३१५ला.

वजन. दुकानात रिकामी रायफल उचलून "हलकी आहे" म्हणू नका. पट्टा, दुर्बीण, मॅगझिनमधली पाच काडतुसं धरून किती होते ते बघा. साडेतीन किलोची रायफल अशी सव्वाचारला जाते. तुमच्या हातात बॅटरी असते, खांद्यावर इरलं किंवा रेनकोट, पायाखाली शेवाळलेला बांध. सगळं मिळून चार किलोच्या आत बसलं तर उत्तम. तीनच्या खालीही जाऊ नका. फार हलकी रायफल चढ चढून दम लागल्यावर हातात थरथरते, आणि धक्का इतका देते की दुसऱ्या बाराला माणूस डोळे मिटून चाप ओढतो. डोळे मिटणारा माणूस मी रेंजवर दहा पावलांवरून ओळखायचो. चाप ओढायच्या आधी त्याचा जबडा आवळतो.

लांबी बघायची माझी रीत सोपी आहे. रायफल पट्ट्याने खांद्याला लावा, नळी वर. आरशात बघा. नळीचं तोंड डोक्याच्या वर वीतभर गेलं असेल तर ती काजूच्या प्रत्येक फांदीला अडकणार. मग नळी खाली करून लावून बघा. जमिनीपासून वीतभर तरी वर राहिली पाहिजे, नाहीतर चिखलात बुडेल, आणि चिखलाने तोंड बुजलेल्या नळीतून बार काढला तर नळी फाटते. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर एकूण लांबी मीटरभराच्या आसपास बरी. मात्र लांब नळी घेऊन ती लोहाराकडून कापून घेण्याचा उद्योग करू नका. परवान्याशिवाय नळी आखूड करणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि कापलेल्या तोंडाची रायफल सरळ मारतही नाही. शिवाय आखूड नळीचा आवाज आणि झगझगाट जास्त. रात्री एक बार झाला की पुढची काही क्षणं डोळ्यांपुढे नुसता पांढरा ठिपका. कारखान्यातून आली तेवढी आखूड पुरे.

दस्ता तुमच्या हाताला बसतो का ते कोपरात धरून बघा: दस्त्याची मागची बाजू कोपराच्या आतल्या घडीत टेकवा, बोट चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर आरामात पोचलं तर बरोबर. ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे, आणि जाड रेनकोट घातल्यावर आणखी लांब होईल. लाकडी दस्ता थोडा कमी करून घेता येतो. वाढवायला रबरी पॅड मिळतं.

बोल्ट कशासाठी, तर उघडा आहे की बंद हे बाजूच्या माणसालाही दिसतं. गडगा ओलांडताना बोल्ट उघडा, काडतूस बाहेर, रायफल पलीकडे आडवी ठेवायची, मग आपण ओलांडायचं आणि पलीकडून उचलायची. दुकानात बोल्ट दहा-बारा वेळा मागेपुढे करा, एकदा हात ओले करून करा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. ली-एनफिल्डच्या जातीत बंद करताना शेवटच्या इंचाला स्प्रिंगचा जोर लागतो, तो दोष नाही. मध्येच खरखर लागली, अडकलं, तर दुसरी मागा. सेफ्टी अंगठ्याने हातमोज्याशिवाय, न बघता, आवाज न करता लागली पाहिजे. रिकाम्या रायफलीचा चाप ओढून बघायचा तर डमी काडतूस घालून, आणि नळी भिंतीकडे.

जुनी घेत असाल तर बोल्टवरचा आकडा आणि सांगाड्यावरचा आकडा एकच हवा. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत सहज सरकतो म्हणून तो तिचा होत नाही. काडतुसामागची फट बदलते आणि धोका तुमच्या गालाजवळ असतो. मग बोल्ट काढा, नळीत मागून बघा, तोंडाकडे पांढरा कागद धरा. आतले आटे धारदार, चकचकीत दिसले पाहिजेत. काळे ठिपके म्हणजे गंज खाऊन गेलेले खड्डे. कोकणातल्या जुन्या रायफलीत हे खड्डे तोंडाकडच्या चार इंचांत सापडतात, कारण तिथूनच खारी हवा आत जाते आणि पुसणाऱ्याचा हात घाईत असतो.

या हवेचं काय करायचं हे निवडतानाच ठरवावं लागतं. लाकडी दस्ता पावसाळ्यात फुगतो आणि नळीला एका बाजूने दाबतो. मे महिन्यात मध्यभागी मारणारी रायफल सप्टेंबरात वीतभर डावीकडे का मारते, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं. नळी मोकळी ठेवलेली रायफल असेल तर दहाची नोट नळी आणि लाकडाच्या मधून सरकवून बघा. पुढून आत जवळपास चेंबरपर्यंत (काडतूस बसतं तिथपर्यंत) गेली तर फुगायला जागा आहे. ली-एनफिल्डच्या घडणीत पुढचं लाकूड मुद्दाम टेकलेलं असू शकतं, तिथे नोट अडली म्हणून घाबरू नका, पण लाकूड आतूनही तेल पाजलेलं आहे का ते विचारा. नळी काळ्या पॉलिशची असेल तर रोज पुसणं आलं. गन ऑइल वापरा. खोबरेल लावू नका. ते थंडीत थिजतं, एरवी चिकटतं, आणि बोल्टमध्ये मळीचा थर धरतं. चामड्याच्या खोळीत रायफल ठेवणं तर अगदी बंद. चामडं दमट हवा पितं आणि नळीला पाजतं. उभी, कोरड्या कपाटात, कुलूप लावून, काडतुसं वेगळ्या कुलपात.

दुर्बीण घ्यायची तर साधी चार पटीची पुरे. मोठ्या पटीच्या दुर्बिणीत पन्नास मीटरवर नुसते काळे केस दिसतात, जनावराचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे कळत नाही. दस्ता खांद्याला असताना डोळा आणि काच यांत चार बोटांची जागा राहिली पाहिजे. थंड खोलीतून बाहेरच्या उबदार, दमट हवेत आलात की काच धुरकटते, म्हणून रायफल मांगरात (शेतावरच्या खोपीत) आधीच बाहेरच्या हवेत ठेवा. .३१५वर बसणारा माउंट दुकानात आहे का ते आधी विचारा, नसेल तर नळीच्या टोकावरच्या माशीवरच नेम धरायला शिका. नाहीतरी तेच शिकायला हवं. नेम जुळवायचा रायफल क्लबच्या रेंजवर, पन्नास मीटरला. मागच्या परसात माडाला डबा टांगून नाही.

परवान्याचं थोडं. आता एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९च्या दुरुस्तीने दोन्ही बदललं. घरात आजोबांच्या नावे जुनी दुनळी असेल तर नवी घेण्याआधी तिचा विचार करा. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं की ते वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. आणि परवाना ज्याचा, बार त्याचाच. राखणीला बसलेल्या गड्याच्या हातात ती द्यायची नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

निवडणूक लागली की शस्त्रं ठाण्यात जमा करायला सांगतात. एकदा माझी पावसाळ्यात तिथे भिंतीला टेकून राहिली आणि परत आली ती तांबूस होऊन. तेव्हापासून जमा करण्याच्या आदल्या रात्री नळीत आतून तेलाचा जाड हात देतो, बोल्टला ग्रीस, तोंडावर कागदी बोळा, आणि बोळा आहे असं लिहिलेली चिठ्ठी चापाला बांधतो. पावतीवर शस्त्राचा नंबर स्वतः वाचून घेतल्याशिवाय तिथून हलत नाही. परत आणली की पहिल्यांदा बोळा काढायचा, मग तेल पुसून नळी कोरडी करायची, आणि मगच काडतुसांचं कपाट उघडायचं.