‘थायरॉईड वाढलाय’ म्हणजे नेमकं काय वाढलंय?

ताई दरवर्षी दिवाळीला माहेरी येते आणि दारातली रांगोळी तिचीच असते. पंधरा ते आठ ठिपके, आणि चिमटीतून सुटणारी रेघ अशी की मध्ये कुठे हात उचलला हे कळू नये. चार वर्षांपूर्वी मात्र तिची रेघ थरथरली. तिने दोनदा पुसून परत काढली, तरी तेच. पहाटेच्या गारव्यात आम्ही शाली पांघरून बसलो होतो आणि तिच्या कपाळावर घाम होता. फराळ ती आमच्या दुप्पट खात होती, तरी बांगड्या मनगटावरून खाली घसरत होत्या. सगळे म्हणाले, ‘धावपळ फार करतेस.’ एका डॉक्टरांनी टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी दिली. त्यात चार महिने गेले.

निघाला थायरॉईड, पण शेजारपाजारी ज्याची गोळी उपाशीपोटी घेतली जाते तो नव्हे, त्याच्या बरोबर उलटा. एका काकूंनी तर प्रेमाने आपली गोळी पुढे केली होती. ती घेतली असती तर आगीत तेल पडलं असतं. म्हणून हा लेख.

आधी दिशा ठरवा

रिपोर्टमध्ये टीएसएच जास्त आला की आपण ‘थायरॉईड वाढला’ म्हणतो. वस्तुतः तेव्हा ग्रंथी मंदावलेली असते. टीएसएच हे थायरॉईडचं संप्रेरक (हार्मोन) नाहीच. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने गळ्यातल्या थायरॉईडला मारलेली ती हाक आहे. थायरॉईड सुस्त झाली की हाक मोठी होते, टीएसएच वाढतो. थायरॉईड आपणहून जास्त काम करू लागली की हाक मारायची गरजच उरत नाही, टीएसएच तळाला जातो. ताईचा ०.०१च्या खाली होता. साधारण मर्यादा ०.४ ते ४च्या आसपास असते, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे.

म्हणजे ‘मला थायरॉईड आहे’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कमी की जास्त, हे डॉक्टरांना विचारून फाईलवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

घरी काय बघायचं

सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी, अंथरुणातच नाडी मोजा. अंगठ्याच्या रेषेत मनगटावर दोन बोटं टेकवायची आणि पूर्ण ६० सेकंद मोजायचं. चार दिवस आकडे लिहून ठेवा. निवांत असतानाही रोज नव्वद-शंभर किंवा त्याहून जास्त ठोके पडत असतील, किंवा ठोके चुकतमाकत पडत असतील, तर ती वही घेऊनच दवाखान्यात जा. मग दोन्ही हात समोर ताठ धरा, बोटं फाकवा आणि त्यावर साधा कागद ठेवायला सांगा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बारीक कंप कागदाच्या कडेला दिसतो.

याशिवाय भूक चांगली असून वजन उतरणं, उकाडा सहन न होणं, दिवसातून तीन-चारदा शौचाला जावं लागणं, पाळीत अंगावर कमी जाणं, झोप उडणं, उगाच चिडचिड. जिना चढताना मांड्या भरून येतात, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डोळे टपोरे दिसू लागले, पापण्या वर ओढल्यासारख्या वाटल्या किंवा एकाच्या दोन वस्तू दिसल्या तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

घरातल्या सत्तरीपुढच्या माणसांकडे वेगळं लक्ष हवं. त्यांना बऱ्याचदा भूक, घाम, चुळबुळ यांतलं काहीच नसतं. ते नुसते गळून जातात, वजन उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि सगळे वयाला दोष देतात.

रक्त तपासताना

नुसता टीएसएच पुरत नाही. तो खाली असेल तर सोबत फ्री टी४ आणि टी३, म्हणजे थायरॉईडची स्वतःची संप्रेरकं, तपासून घ्या. काही जणांचा टी४ ठीक असतो आणि वाढलेला असतो फक्त टी३.

एक गोष्ट फार थोडे जण सांगतात. या आजारात केस गळतात, मग माणूस मेडिकलमधून केसांची गोळी आणतो आणि तिच्यात बायोटिन असतं. बायोटिनमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त येतो, म्हणजे आजार नसताना आजार दिसतो. अशी गोळी चालू असेल तर लॅबला सांगा आणि रक्त देण्याआधी निदान दोन-तीन दिवस ती बंद ठेवा. दिवस गेले असतील तर तेही सांगा. पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच नैसर्गिकरीत्याच खाली येतो.

कारण सापडल्याशिवाय उपचार नको

इथे घाई करू नका. ग्रंथी जास्त संप्रेरक बनवते आहे, की आधीच साठवलेलं गळतं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

जास्त बनवण्यामागे बहुतेक वेळा ग्रेव्ह्जचा आजार असतो. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच अशी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करते की थायरॉईडला ती टीएसएचसारखी वाटतात आणि ग्रंथी थांबायचं नाव घेत नाही. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. टीआरएबी या रक्ततपासणीत ही प्रतिपिंडं सापडतात. दुसरं कारण म्हणजे ग्रंथीतल्या गाठी, ज्या स्वतःच्या मर्जीने संप्रेरक बनवतात. हे जास्त करून उतारवयात दिसतं.

गळतीचं कारण म्हणजे थायरॉईडायटिस, ग्रंथीला आलेली सूज. सर्दी-तापानंतर गळा पुढून दुखतो, गिळताना कळ कानापर्यंत जाते, हा एक प्रकार. दुसरा बाळंतपणानंतरच्या वर्षात येतो, आणि त्यात अजिबात दुखत नाही. छाती धडधडते, झोप लागत नाही, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात लहान बाळ आहे, असं व्हायचंच. एकदा टीएसएच करून बघायला काय हरकत आहे? ही सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. त्यानंतर बऱ्याचदा ग्रंथी काही काळ मंदावते. संप्रेरक बनणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा इथे काही उपयोग नसतो, कारण बनत काही नसतंच, साठलेलं वाहतं आहे.

फरक कळला नाही तर टेक्निशियम हे किरणोत्सर्गी औषध टोचून ग्रंथीचा स्कॅन करतात. ग्रेव्ह्जमध्ये ग्रंथी ते औषध भराभर ओढून घेते, सुजेत जवळजवळ घेतच नाही. गरोदरपणात हा स्कॅन करत नाहीत. हृदयासाठी अमिओडेरॉन चालू असेल किंवा मंद थायरॉईडसाठी घेतल्या जाणाऱ्या थायरॉक्सिनचा डोस जास्त होत असेल, तर कारण त्या गोळीतही असू शकतं.

गोळ्या, आणि तापाचा नियम

धडधड आणि कंप यांवर सुरुवातीला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. तिने आजार जात नाही, पण एक-दोन दिवसांत माणूस माणसात येतो. दमा असेल तर आधी सांगा, त्यांना ही चालत नाही.

मूळ औषध कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल. ते नवं संप्रेरक बनू देत नाही, पण साठा संपायला वेळ लागतो, म्हणून फरक पडायला तीन-चार आठवडे धरा. दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासून डोस कमी करत आणतात. टी४ जागेवर आला तरी टीएसएच कित्येक महिने खालीच राहतो. तो आकडा बघून घाबरू नका आणि मनाने डोस वाढवू नका. ग्रेव्ह्जमध्ये कोर्स साधारण १२ ते १८ महिन्यांचा. त्यानंतर निम्म्या-अर्ध्या लोकांचा आजार उलटतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फार थोड्या लोकांमध्ये, बहुतेक करून पहिल्या तीन महिन्यांत, या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात. सुरुवात होते ती घसा दुखणं, ताप, तोंडात फोड येणं अशी. अगदी साधी. असं झालं तर पुढची गोळी घेऊ नका, त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींचा काउंट) करा आणि डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा. ताईला दुसऱ्या महिन्यात रात्री ताप आला. भाऊजींनी क्रोसिन आणि गरम पाण्याच्या गुळण्यांवर भागवायचं ठरवलं होतं. पण औषधाच्या पाकिटावर मी लाल पेनाने ‘ताप = काउंट’ लिहून ठेवलं होतं, ते तिला दिसलं. काउंट चांगला निघाला. तरी ते लिहून ठेवाच. डोळे-लघवी पिवळी झाली तरीही तेच: गोळी थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

मूल हवं असेल तर उपचार सुरू करतानाच बोला. पाळी चुकली तर त्याच दिवशी कळवा. पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलने बाळाला धोका असतो, तेव्हा वेगळी गोळी देतात.

वजन परत येतं तेव्हा अनेक जणी धास्तावतात आणि गोळी सोडून देतात. भूक वाढलेली होती तेव्हाची चार पोळ्यांची सवय तशीच राहते, खर्च मात्र कमी झालेला असतो. कमी करायच्या त्या पोळ्या, गोळी नाही.

रेडिओआयोडीन आणि ऑपरेशन

‘किरणोत्सर्गी’ हा शब्द ऐकून ताई रात्रभर रडली होती. रेडिओआयोडीन म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीन. प्रत्यक्षात ती एक कॅप्सूल किंवा घोटभर पाणी असतं. १९४१ मध्ये बोस्टनला डॉ. सॉल हर्ट्झ यांनी पहिल्यांदा हा उपचार केला, आणि मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३पासून आहे. आयोडीन थायरॉईडच ओढून घेते, म्हणून मारा मुख्यतः तिच्यावरच होतो. आयोडीन-१३१ची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. सुरुवातीचे काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलं आणि गरोदर बाईपासून लांब राहायचं, संडासात दोनदा पाणी सोडायचं. किती दिवस, ते न्यूक्लिअर मेडिसिनवाले डोस बघून सांगतात. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला देत नाहीत, आणि घेतल्यावर निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. डोळे सुजलेले असतील तर ते आणखी बिघडू शकतात. बहुतेकांची ग्रंथी नंतर मंदावते आणि थायरॉक्सिनची गोळी जन्मभर लागते. ते औषध फसल्याचं लक्षण नाही, ठरलेलंच असतं.

गाठ मोठी असेल, श्वासनळी दाबली जात असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर ऑपरेशन. अशी ऑपरेशनं सतत करणारा सर्जन शोधा. आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार छोट्या ग्रंथी तिथेच चिकटून असतात.

घरात

मीठ बदलू नका. आयोडीनचं मीठ घरातल्या सगळ्यांना लागतं, रेडिओआयोडीनच्या आधीचे दिवस तेवढे डॉक्टर सांगतील तसं. समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या गोळ्या मात्र टाळा. कोबी-फ्लॉवर सोडून काही साधत नाही. विडी-सिगारेट सोडाच, ग्रेव्ह्जमध्ये डोळ्यांचा सर्वात मोठा शत्रू तीच.

खूप ताप, बरळणं, नाडी १४०च्या वर, सोबत उलट्या-जुलाब असं झालं तर घरी थांबू नका, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा आणि दारातच थायरॉईड जास्त असल्याचं सांगा. गोळ्या अचानक सोडल्यावर किंवा मोठ्या संसर्गात असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

ताईची गोळी दीड वर्षांनी बंद झाली. पहिलं वर्ष तिने दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासलं, आता वर्षातून एकदा तपासते. दिवाळीला निघण्याआधी ते उरकायचं, असं तिने ठरवून टाकलंय.